आजोबांनी ‘हो’ म्हटले, पण त्यांना ऐकू आले का? कमी ऐकणाऱ्या ज्येष्ठांशी असे बोला

वाशिम : ‘आजोबा, गोळी सात वाजता घ्या.’ आजोबा मान हलवतात, पण त्यांनी ऐकलेले असते ‘आठ’. वृद्धाश्रम असो की घर, अशा गैरसमजातून औषधाची वेळ चुकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, साठीपुढील २५ टक्क्यांहून अधिक लोकांना गंभीर श्रवणदोष असतो. मात्र अनेकदा त्यांना विसरभोळे किंवा हट्टी समजले जाते.

ओरडून उपयोग का होत नाही?

वयानुसार कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी झिजतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. ‘आ’सारखे स्वर कळतात, पण ‘स’, ‘फ’, ‘थ’ निसटतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, शब्द स्पष्ट होत नाहीत. उलट आपल्यावर कोणी रागावले, असे वाटते.

बोलताना काय कराल?

• आधी टीव्ही आणि कूलर बंद करा. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत निम्मे बोलणे हरवते.
• तोंडावरचा दुपट्टा किंवा मास्क काढून समोर बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर असू द्या.
• नेहमीच्या आवाजात, सावकाश बोला. कळले नाही तर शब्द बदला.
• वेळ बोटांनी दाखवा किंवा पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा. वाचता येत नसेल तर गोळीचे पाकीट दाखवा.
• ‘कळले का?’ असे विचारल्यास उत्तर ‘हो’च येते. त्याऐवजी ‘गोळी किती वाजता घ्यायची?’ असे विचारा.

तपासणी आणि यंत्र

कधी कधी कारण फक्त साचलेला मळ असतो. तो काडीने काढू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. श्रवणयंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. शिट्टी वाजत असेल तर यंत्र नीट बसले आहे का, ते पाहा. आवाज बंद झाल्यास आधी बॅटरी तपासा.

मदत कुठे?

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांपर्यंत असल्यास, श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी बँक खात्यात एकदाच ३,००० रुपये देण्याची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन : १४५६७.