दोष दिव्यात नसतो

आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावात, धानाच्या पट्ट्यातला पाऊस सरता सरता जुन्या गाड्यांची दुखणी सुरू होतात. माझी प्रीमियर पद्मिनीही त्यातलीच. दिवे मिणमिणले की जो तो म्हणतो, बॅटरी बदला! पण बँकेत दहा पैशांचा फरक आला, तर आम्ही खातेवही बदलत नव्हतो. चुकलेली नोंद शोधत होतो.

गाडीत दिव्यापर्यंत वीज तारेतून जाते आणि परतते ती पत्र्यातून. मेकॅनिक याला ‘अर्थ’ म्हणतात. त्या जोडावर गंज चढला, की परतीची वाट अडते. इंडिकेटर लावताच हेडलाइटही लुकलुकू लागला, तर संशय तिथेच घ्यावा. उभ्या गाडीत मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दाखवत असेल, तर बॅटरी बहुधा निर्दोष. मग बॅटरीचे ऋण टोक सोडावे, जोड पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळावा.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार मात्र कधीही घालू नये. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते, आणि कोहमाऱ्याच्या अंधाऱ्या रस्त्यावर मागच्या सीटवर आपलीच नातवंडे बसलेली असतात.