गुरूवाचून झालेला गुरू

गिटार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? सिनेमातले एखादे गाणे, नाही तर सहलीच्या गाडीत गळ्यात पट्टा अडकवून बसलेला एखादा हौशी तरुण. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचाराल, तर ‘त्यापेक्षा पेटी शीक’ असाच सल्ला मिळायचा. मौज अशी, की गिटारचे माहेर जो स्पेन देश, तिथल्या वडीलधाऱ्यांचे मतही विसाव्या शतकाच्या आरंभी फारसे निराळे नव्हते. गिटार असायची ती गुत्त्यात, नाचणाऱ्यांच्या साथीला. सभ्य घरातल्या मुलाने शिकायची ती पियानो किंवा व्हायोलिन.

अशा या वाद्याला १९६४ साली अमेरिकेत मोठा मान मिळाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात एक स्पॅनिश गृहस्थ पाहुणे म्हणून गिटार शिकवायला आले. नाव आंद्रेस सेगोव्हिया, वय ७१. अंगाने स्थूल, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा, बोटे जाडजूड. त्या बोटांकडे पाहून हा माणूस तारा छेडीत असेल असे कुणाला वाटले नसते!

सेगोव्हियांचा जन्म १८९३ साली दक्षिण स्पेनमधल्या लिनारेस या गावी झाला. वाढले ते काका-काकूंच्या घरी. काकांनी लहानपणी व्हायोलिन शिकायला पाठवले, पण ते शिक्षण लवकरच सुटले. पुढे गिटारने वेड लावले तेव्हा घरच्यांचा विरोध झाला, आणि रीतसर शिकवणारा गुरूही लाभला नाही. मग जुन्या स्वरलिपी मिळवून, स्वतःच चुकून, स्वतःच सुधारून ते शिकले. आपणच आपले गुरू आणि आपणच आपले शिष्य, असे ते पुढे अभिमानाने सांगत.

तरुणपणीच त्यांनी काही संकल्प सोडले होते. गिटारला गुत्त्यातून बाहेर काढायचे, तिच्यासाठी मोठ्या संगीतकारांकडून रचना मिळवायच्या, जगभर मैफली करून तिची ओळख पटवायची, आणि संगीताच्या शिक्षणसंस्थांत तिला पियानो-व्हायोलिनच्या शेजारी बसवायचे. पहिले तीन त्यांनी आपल्या दहा बोटांच्या बळावर तडीस नेले. मेक्सिकोचे पोन्से, ब्राझीलचे व्हीला-लोबोस, इटलीचे कास्तेलनुओव्हो-तेदेस्को यांनी त्यांच्यासाठी लिहिले. १९३५ साली पॅरिसमध्ये त्यांनी बाखची ‘शाकोन’ ही व्हायोलिनची अवघड रचना गिटारवर वाजवली. बर्कलीच्या समोर, खाडीपलीकडे सान फ्रान्सिस्कोत, १९५८ साली रोद्रिगो यांनी त्यांच्यासाठी रचलेली वाद्यवृंदासहची कृती प्रथम सादर झाली, तीही त्यांच्याच हातून.

मैफलीची त्यांची रीत पाहण्यासारखी असे. भल्या मोठ्या सभागृहात एक खुर्ची आणि डाव्या पायाखाली एक छोटी चौकी. ध्वनिक्षेपक मुळीच नाही. गिटारचा आवाज तो केवढा! पण आवाज मोठा करण्याऐवजी ते श्रोत्यांनाच शांत करीत. कुणी खोकलाच, तर खिशातला रुमाल काढून कसे खोकावे हे निमूटपणे दाखवीत.

राहिला होता चौथा संकल्प, शिकवण्याचा. इटलीत सिएना येथे १९५० पासून आणि स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे १९५८ पासून ते उन्हाळी वर्ग घेत होते. बर्कलीचा वर्गही त्याच धर्तीचा, ज्याला ‘मास्टर क्लास’ म्हणतात तो. शिष्याने सर्वांदेखत वाजवायचे, गुरूने सर्वांदेखत चुका काढायच्या, आणि बाकीच्यांनी पाहून शिकायचे. तिथे वाजवणाऱ्यांत क्रिस्टोफर पार्केनिंग नावाचा एक मुलगाही होता. पुढे तो नामांकित वादक झाला आणि गुरूंचे ऋण जन्मभर सांगत राहिला.

आता एक बारकावा सांगायला हवा. पियानोवर एका स्वराची एकच पट्टी असते. गिटारचे तसे नाही. पहिली तार मोकळी छेडली की जो स्वर निघतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या घरात सापडतो आणि तिसऱ्या तारेच्या नवव्या घरातही. स्वर एकच, पण एके ठिकाणी तो लख्ख वाजतो, तर दुसरीकडे मधासारखा दाट. तेव्हा कोणता स्वर कोणत्या तारेवर, कोणत्या बोटाने घ्यायचा, यातच वादकाचे सारे मन उतरते. सेगोव्हियांनी ही बोटांची योजना वर्षानुवर्षे खपून ठरवली होती, आणि शिष्यांनी ती पाळावी असा त्यांचा आग्रह असे.

हा आग्रह अखेरपर्यंत सुटला नाही. १९८६ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या वर्गात एका तरुण वादकाने ही योजना बदललेली पाहून त्र्याण्णव वर्षांचे गुरुजी भर सभेत त्याच्यावर संतापले. सिएनाला त्यांच्याकडे लहान वयात शिकलेले जॉन विल्यम्स यांनी तर पुढे उघडच तक्रार केली, की तिथे शिष्यांनी गुरूची नक्कल करावी एवढीच अपेक्षा होती.

दोघेही शिष्यच. एक ऋण मानणारा, एक बोट ठेवणारा. खरे कोणाचे? मला वाटते, दोघांचेही. नक्कल ही शिक्षणाची पहिली पायरी आहे. आपल्याकडे गायकीची तालीमही गुरूच्या गळ्यामागे गळा लावूनच सुरू होते. पण सेगोव्हियांनी शिष्यांना दिली ती शोधाअंती सापडलेली वस्तू. जो शोध घेता घेता ते स्वतः सेगोव्हिया झाले, त्या शोधाची वाट मात्र त्यांनी शिष्यांसाठी बंद केली. त्यांना चुका करू द्यायला कुणी गुरू नव्हता, हे त्यांचे दुर्दैव म्हणावे की भाग्य?

१९८७ साली माद्रिद येथे ते वारले. चौथा संकल्प तोवर पुरा झाला होता. आज जगातल्या कितीतरी विद्यापीठांत गिटार शिकवली जाते, आणि त्याचे मोठे श्रेय त्यांचेच आहे.

आम्हा शिकवणाऱ्यांना मात्र त्यांची गोष्ट थोडी बोचते. उत्तरपत्रिका तपासताना आपलीच टिपणे शब्दशः समोर आली, की हात आपोआप भरघोस गुण देतो. आणि एखाद्याने कवितेचा वेगळाच अर्थ लावला, की तोच हात अडखळतो. गेल्या परीक्षेत असा एक पेपर हाती आला, तेव्हा मी लाल पेन्सिल खाली ठेवली आणि ते उत्तर पहिल्यापासून पुन्हा वाचले.