देशाला मिळालेला विसावा

‘शास्ते’ या बायबलमधील पुस्तकात शांततेची नोंद ठरावीक शब्दांत येते. शत्रूचा मोड झाला, की देशाला किती वर्षे स्वस्थता लाभली ते सांगितले जाते. अथनिएलनंतर 40 वर्षे, एहूदनंतर 80, दबोरेच्या विजयानंतर 40 आणि गिदोनाच्या हयातीत 40. पुढे ही नोंद कायमची थांबते. इफ्ताह 6 वर्षे आणि शमशोन 20 वर्षे न्यायनिवाडा करतो, पण त्यांच्या काळात देश निवांत झाला असे कुठेही म्हटलेले नाही.

या आकड्यांवरून शब्दशः कालगणना मांडणे अवघड आहे. पुस्तकातील जाचाची, स्वस्थतेची आणि शास्त्यांच्या कारकिर्दींची सर्व वर्षे मिळून 410 होतात. मिसर देशातून सुटका आणि शलमोनाच्या मंदिराचा आरंभ यांत ‘राजे’ ग्रंथ 480 वर्षांचे अंतर सांगतो. त्यात वाळवंटातली 40 वर्षे आणि दाविद राजाच्या कारकिर्दीची 40 वर्षेही बसवावी लागतात. त्यामुळे अनेक अभ्यासक 40 हा एका पिढीचा ठोकळ आकडा मानतात. काही शास्ते एकाच वेळी वेगवेगळ्या वंशांत होऊन गेले, असाही निष्कर्ष निघतो.

वर्षांच्या हिशेबापेक्षा शांततेचा आशय गिदोनाच्या कथेत अधिक कळतो. इस्राएलांची पेरणी झाली, की मिद्यानी उंटांसह टोळधाडीसारखे उतरत आणि गाझापर्यंतचे पीक, मेंढ्या, बैल, गाढवे काहीच मागे ठेवत नसत. गिदोन प्रथम दिसतो तो गहू झोडताना, तोही खळ्यावर नव्हे, द्राक्षे तुडवण्याच्या कुंडात, लुटारूंची नजर चुकवून. पिकवलेले उघड्यावर मळता न येणे, हीच तिथे अशांततेची खूण आहे. कापसाच्या आणि ज्वारीच्या वर्धा जिल्ह्यात हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

याच वर्ध्यात अशा वाचनाला आधार देणारी मांडणी झाली. जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची धुरा त्यांनी मगनवाडीत वाहिली. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या सांगितल्या. मेंढी मारून खाणारा वाघ सर्वांत खाली. त्याच्या वर आंब्याला काहीही न देता आंबे ओरबाडणारे माकड, मग स्वतःचे घरटे बांधणारा पक्षी, समूहासाठी मध साठवणारी मधमाशी आणि सर्वांत वर पिल्लांसाठी खपणारी आई. खालच्या पायऱ्यांवरचा व्यवहार हिंसेकडे नेतो आणि टिकत नाही, हे त्यांचे मुख्य म्हणणे. या मोजपट्टीवर मिद्यानी पहिल्या दोन पायऱ्यांवर बसतात. गिदोनाने राजपद नाकारले, ही गोष्टही याच मोजपट्टीवर महत्त्वाची ठरते. मात्र लुटीतल्या सोन्याचे एफोद, म्हणजे याजकी वस्त्र, त्याने घडवले आणि त्याच्या घराण्याला तेच फासासारखे झाले.

शलमोनाची शांतता हीच या विषयातली खरी कसोटी आहे. दानपासून बैरशेब्यापर्यंत प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली निर्भय बसला, असे वर्णन येते. दाविदाने फार रक्त सांडले म्हणून मंदिराचे काम या शांत राजाकडे गेले, असे ‘इतिहास’ हा बायबलमधील ग्रंथ सांगतो. पण त्याच चित्राभोवती दुसऱ्या नोंदी आहेत. बारा अधिकारी पाळीपाळीने एकेक महिना राजवाड्याची रसद पुरवत. लबानोनात लाकडासाठी 30,000 माणसे वेठीला धरली होती, दरमहा 10,000 या पाळीने. राजा मुलांना, शेतांना आणि पिकाच्या दशमांशाला हात घालील, हा शमुवेल संदेष्ट्याचा आधीचा इशारा इथे खरा होताना दिसतो. लढाई नव्हती, पण या शांततेचा भार कष्टकऱ्यांच्याच खांद्यावर होता.

शलमोनामागे लोकांनी जू हलके करण्याची मागणी केली. त्याचा मुलगा रहबाम याने ती धुडकावली आणि दहा वंश फुटून निघाले. वेठीवरचा अधिकारी अदोराम याला त्याने त्यांच्याकडे धाडले, तेव्हा लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले.