स्पर्श, सञ्ञा आणि अकरावीचे मानसशास्त्र

अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात एका विहारात गेल्या वर्षावासात पालीचा वर्ग घेण्याचा योग आम्हांस आला. वर्गास अकरावी-बारावीची काही मुले-मुलीही येत. कला शाखेत मानसशास्त्र घेतलेल्या एका विद्यार्थिनीने पंचस्कंधांचे विवेचन ऐकल्यावर विचारले, "सर, आमच्या पुस्तकात भावना म्हणजे राग, भीती, आनंद. इथे तुम्ही मेत्ता भावना करायला सांगता. मग रागही आम्ही मांडी घालून बसून करायचा काय?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

मराठीतील मानसशास्त्राने आपली परिभाषा बहुतांशी संस्कृत शब्दांतून घडविली. पालीचे शब्द त्याच कुळातील. त्यामुळे विहारात ऐकलेला शब्द पाठ्यपुस्तकात भेटला की विद्यार्थ्यास ओळख पटल्यासारखी वाटते आणि तेथेच तो फसतो. पुस्तकातील भावना म्हणजे मनाची क्षुब्ध अवस्था. पालीतील भावना म्हणजे वाढविणे, जोपासणे. मेत्ता भावना करणे म्हणजे मैत्रीची मशागत करणे. रागाची मशागत करावी लागत नाही, तो तणासारखा आपोआप उगवतो, एवढेच त्या मुलीस उत्तर देता आले. 'वेदना' हा शब्द तर अधिकच घातक. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत ती सुखद, दुःखद व न-सुखद-न-दुःखद अशी तिहेरी आहे. मानसशास्त्रात ज्ञानेंद्रियास होणाऱ्या प्राथमिक जाणिवेस 'वेदन' म्हणतात, ते पुन्हा निराळेच. विञ्ञाण म्हणजे प्रयोगशाळेतील विज्ञान नव्हे, तर विषयाची जाणीव होणे. आणि संखार? अभिधम्मात चेतसिके बावन्न सांगितली आहेत. त्यांतील वेदना आणि सञ्ञा वेगळ्या काढल्यावर उरणारी पन्नासही संखारस्कंधात मोडतात. त्यांत लोभ आहे, द्वेष आहे, श्रद्धा व करुणाही आहे. मराठीत मात्र 'संस्कार' म्हटले की ते चांगलेच असतात आणि ते काही विशिष्ट घरांतच होतात. आमच्या वस्तीतील मुलांना हा शब्द कोणत्या सुरात ऐकविला जातो, हे वाचकांस सांगावयास नको.

शब्दांचा हा गुंता व्याख्या पाठ करून सुटत नाही. म्हणून आम्ही वर्गात पाण्याचा पेला पुढे ठेवला. तेल्हाऱ्याच्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस पूर्णा. पूर्णेकडील गावे खारपाण पट्ट्यात येतात, तेथील विहिरींचे व बोअरचे पाणी खारट. बाहेरगावचा पाहुणा असे पाणी तोंडास लावतो, तेव्हा काय घडते? जीभ हे इंद्रिय आणि पाण्याचा रस हा विषय. ही दोन्ही रूपे. त्यांच्याबरोबर जिव्हाविञ्ञाण उत्पन्न होते. या तिघांच्या एकत्र येण्यास फस्स म्हणतात. त्या क्षणीच नकोसे वाटते, ती वेदना. 'हे खारे' अशी खूण पटते, ती सञ्ञा. पेला बाजूस सारावा असे वाटून हात हलतो, तो संखारांचा व्यापार. दुसऱ्या दिवशी त्याच घरचा तोच पेला नुसता दिसला तरी पाहुण्याचा हात थबकतो. अशा शिकण्यास पुस्तकात 'अभिसंधान' म्हणतात व तेथे पावलॉवच्या कुत्र्यांचे उदाहरण येते. आता त्याच पाण्यावर वाढलेला वृद्ध तोच पेला एका दमात रिकामा करतो. पाणी तेच, जीभही तशीच. वेदना व सञ्ञा निराळ्या.

येथे एक खुलासा करणे भाग आहे. आधुनिक मानसशास्त्र भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले, असे म्हणण्याची प्रथा आमच्या व्यासपीठांवर पडली आहे. आम्हांस ती मान्य नाही. 1879 साली वुंट यांनी लाइप्झिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हापासून या शास्त्राने मोजमापाची व पडताळ्याची जी शिस्त बाणविली, ती त्याची स्वतःची कमाई आहे. अभिधम्माची रीत स्वतःच्या चित्ताचे निरीक्षण करण्याची आणि हेतू दुःखनिरोधाचा. दोघांचे क्षेत्र काही ठिकाणी एकमेकांस भिडते, आणि जेथे भिडते तेथे आमच्या मुलांसाठी फार मोलाचे असे काही हाती लागते. ते ठिकाण म्हणजे सञ्ञा.

सञ्ञेचे विवेचन आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात केले आहे. (गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी अमेरिकेत हार्वर्ड येथे या ग्रंथाच्या संपादनावर वर्षानुवर्षे श्रम केले, ती आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, 1950 मध्ये प्रसिद्ध झाली.) बुद्धघोष म्हणतात त्याचा आशय असा की, सुतार लाकडावर खूण करून ठेवतो आणि पुढे त्या खुणेवरून ते लाकूड ओळखतो, तसे सञ्ञेचे काम आहे. वस्तू पुनःपुन्हा नव्याने तपासावी लागत नाही, खूण पाहिली की झाले. पण त्यांचाच दुसरा दृष्टांत असा : गवताचा माणूस पाहून हरणाच्या पाडसास तो खराच माणूस वाटतो. वऱ्हाडातील मुलास हा दृष्टांत समजावून द्यावा लागत नाही. ज्वारीच्या शेतातील बुजगावणे त्याने स्वतः उभे केलेले असते. बुजगावणे खरे काम करते; पाडस खरोखर पळते. फक्त तेथे माणूस नसतो.

आता अस्पृश्यतेकडे वळू. शब्दातच स्पर्श आहे. परंतु कायेस ज्याचा स्पर्श होतो त्या विषयास अभिधम्मात फोट्ठब्ब म्हणतात, आणि त्यात काय काय येते ते आचार्यांनी काटेकोरपणे मोजून दिले आहे : पृथ्वीधातूचा कठीणपणा वा मऊपणा, तेजोधातूची उष्णता वा शीतता, वायुधातूचा ताण व चलन. एवढेच. जलधातूही त्यात धरलेला नाही. हातास कळू शकेल अशा गोष्टींच्या या यादीत जात कोठे बसते? ती बसत नाही. ती स्पर्शानंतर, किंबहुना स्पर्शाच्या आधीच, सञ्ञेने लावलेली खूण आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले. त्यानंतर तेथील सवर्णांनी पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. सत्याग्रहापूर्वीचे पाणी आणि नंतरचे पाणी यांत जिभेस कळेल असा फरक पडला असेल, तर तो या घागरींमुळेच! 1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या व न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी हेच निराळ्या शब्दांत मांडले : जात ही विटांची भिंत नव्हे, ती एक कल्पना आहे, मनाची अवस्था आहे. आपल्या अखेरच्या ग्रंथात त्यांनी मनास धम्माच्या केंद्रस्थानी ठेवले, त्याचा संबंध आम्ही या विधानाशी जोडतो.

ही खूण केवळ समोरच्याच्याच मनात असती तर प्रश्न अर्धाच उरला असता. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे या संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवावयास दिले. त्यांचे निष्कर्ष 2004 व 2006 साली प्रसिद्ध झाले. मुलांची जात उच्चारली गेली नाही तेव्हा दलित व सवर्ण मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. प्रत्येकाचे नाव, बापाचे व आजोबाचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखविल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, पेन्सिल तीच. मधल्या काही मिनिटांत एक शब्द तेवढा कानी पडला होता. अमेरिकेत केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने बाहुल्या दाखवून मुलांच्या मनातील अशीच खूण उघड केली, आणि 1954 साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कामाचा निर्देश केला. मानसशास्त्र हा 'सोपा' म्हणून घ्यावयाचा विषय आहे, असे समजणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

खूण पुसता येते काय, असे मुलांनी विचारले. अभिधम्माप्रमाणे सञ्ञा प्रत्येक चित्तात असतेच. ती नाहीशी करावयाची नसते. पण तिच्याबरोबर प्रत्येक चित्तात मनसिकारही असतो, ज्यास पुस्तकातील 'अवधान' बरेचसे जवळचे आहे. ते कोठे वळवावे, हे शिकता येते. पाडस एकदा बुजगावण्याजवळ जाऊन उभे राहिले, तर त्यास गवत दिसेल. योनिसो मनसिकार म्हणजे हे जवळ जाणे. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो तेव्हा 'मला गणित येत नाही' ही वेदना आहे की सञ्ञा, ते पाहा; पोटातला गोळा ही वेदना, वाक्य ही सञ्ञा. गोळा आपला आहे, वाक्य बहुधा कोणीतरी दिलेले असते, असे आम्ही सांगितले.

विहारांतून वर्ग चालविणाऱ्या बंधुभगिनींना एक सूचना. पंचस्कंध शिकविताना मुलांना वहीत दोन रकाने आखावयास सांगावेत; एकात पुस्तकाचा अर्थ, दुसऱ्यात पालीचा. परीक्षेत पहिला रकानाच लिहावा, नाहीतर मेत्ता भावनेपायी गुण जावयाचे. त्या विद्यार्थिनीने पुढील रविवारी अशी वही दाखविली. 'संस्कार' या शब्दासमोर पुस्तकाचा रकाना कोरा होता. पुस्तकात शोधून तो तिला सापडला नव्हता. शाळेच्या भिंतीवर सुविचारात मात्र आहे, असे ती म्हणाली, आणि त्यासाठी तिसरा रकाना आखू काय, असे तिने विचारले. आम्ही होकार दिला.