गाळपेरीतले करकोचे

आषाढवारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामी येते, तेव्हा कांड्या करकोचा मंगोलियाच्या गवताळ माळावर पिल्लं वाढवत असतो. तिथला उन्हाळा तोकडा. उघड्या जमिनीवरची दोन अंडी महिन्याभरात फुटतात, पिल्लू दोन महिन्यांत उडू लागतं आणि लगेच हिमालय ओलांडायला निघतं!

जगातल्या पंधरा क्रौंचांत हा सर्वांत लहान, वजन दोन-तीन किलो. धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधली काली गंडकीची दरी ही त्याची एक वाट. ऊन तापून हवा वर चढू लागेपर्यंत थवे थांबतात, मग तिच्या आधाराने घिरट्या घेत उंची गाठतात. वारा फिरला की माघार, आणि पुन्हा प्रयत्न. सोनेरी गरुड टपलेलेच असतात. थव्यातून फुटलेलं पिल्लू त्यांच्या तावडीत सापडतं. परतीला मात्र हे पक्षी पश्चिमेकडून वळसा घालून मध्य आशियात शिरतात.

बहुतेक थवे राजस्थान-गुजरातेत हिवाळा काढतात. जगात हा पक्षी संकटग्रस्त नसला, तरी नीरा-भीमेच्या खोऱ्यात त्याचं दर्शन दुर्मीळच. उजनी किंवा लोणंदजवळच्या वीर धरणाचा फुगवटा ओसरला, की काठाला गाळपेरीची जमीन उघडी पडते. तिथे तो कधीतरी उतरतो. राखी अंग, छातीवर लोंबणारी काळी पिसं, लाल डोळ्यामागून निघालेला पांढरा तुरा. आखूड बोटांचे पाय पळायला केलेले, म्हणून दिवसभर काढणी झालेल्या रानात सांडलेले दाणे आणि किडे टिपत तो चालत राहतो. रात्र काढायची ती घोटाभर पाण्यात. तिथे कोल्हा किंवा कुत्रा आला तर चाहूल लागते.

त्याला धरण पुरत नाही. पाण्यालगत मोकळं रानही लागतं, हे आपण ध्यानात घेत नाही. ज्वारी-हरभऱ्याच्या जागी ऊस उभा राहिला की या पक्ष्याला उतरायलाच जागा उरत नाही. दुसरा धोका विजेच्या तारांचा. अंधुक उजेडात त्या दिसत नाहीत आणि लांब मानेचा जड पक्षी ऐनवेळी वळू शकत नाही. तारांवर ठळक चकत्या बसवल्या तर धडका कमी होतात, हे अनेक देशांत दिसलं आहे. रान ते पाणी ही करकोच्यांची संध्याकाळची वाट बरीचशी ठरलेली असते. निदान तिच्यावर आडव्या येणाऱ्या तारांना तरी चकत्या लागायलाच हव्यात, आणि त्या थवे उतरण्याआधी, दिवाळीच्या आत.