पिवळ्या उजेडाचे मूळ

अहिल्यानगरच्या बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानांत गेली काही वर्षे एक बल्ब हटकून टांगलेला दिसतो. मधाच्या रंगाची काच आणि आत ठळक दिसणारी वळ्यावळ्यांची तार. हॉटेलांतून तो घरांत आला. वाड्यांची डागडुजी करणारे तर 'जुन्या काळचा' म्हणून आवर्जून लावतात. हा जुना काळ नेमका कोणाचा, हा प्रश्न मला पडला.

त्याचे रूप एडिसनच्या बल्बवरून घेतलेले आहे. 1879 साली एडिसनने जाळून कोळसा केलेल्या सुती धाग्याचा दिवा पेटवला, पुढे बांबूचा तंतू वापरला. कार्बन फार तापवला की त्याची वाफ होऊन काच काळवंडते. म्हणून तंतू बेताचाच तापवत आणि उजेड तांबूस पडे. 1910च्या सुमारास विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची लवचीक तार काढण्याची रीत शोधली आणि कार्बनचे दिवे मागे पडले. आजच्या नकलेत कार्बन बहुधा नसतोच. मुद्दाम कमी तापणारी टंगस्टनची तार असते, नाहीतर तारेसारख्या दिसणाऱ्या एलईडीच्या काड्या.

आता आपला जिल्हा पाहू. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले 1960 साली, ग्रामीण विद्युतीकरण निगम 1969 साली. निगमाने देशात प्रयोग म्हणून ज्या पाच वीज सहकारी संस्था उभ्या केल्या, त्यांतली एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. म्हणजे आपल्या बहुतेक खेड्यांत खांब आले, तेव्हा कार्बनच्या बल्बचा जमाना संपून अर्धे शतक झाले होते. आपण चिमणी आणि कंदिलावरून थेट टंगस्टनच्या बल्बवर आलो. मग हा बल्ब पाहून पन्नाशीपुढच्या माणसाला गावाकडचे घर का आठवते?

उत्तर व्होल्टेजमध्ये आहे. टंगस्टनच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4व्या घाताने बदलतो. 230 व्होल्टच्या बल्बला 180 मिळाले, तर दाब सुमारे पाचव्या हिश्शाने उतरतो, पण उजेड निम्म्याहून कमी होतो. तार कमी तापल्यामुळे रंगही तांबूस होतो. डीपीपासून लांब, लाइनीच्या टोकाला असलेल्या घरात मोटारी चालू झाल्या की हेच होई. मी डिमरस्टॅटवर 60 वॅटचा बल्ब लावून पाहिला. काटा 180वर आणताच पांढरा कागद मधाळ झाला आणि वर्तमानपत्रातली बारीक अक्षरे वाचता येईनात.

म्हणजे ज्याला आपण जुन्या घराचा ऊबदार उजेड म्हणतो, तो बऱ्याच अंशी अपुऱ्या विजेचा उजेड होता. त्यात बायका ताट बल्बखाली ओढून तांदळातले खडे वेचत आणि मुले डोळे ताणून अभ्यास करत. तो कोणी हौसेने लावला नव्हता. ऐपत आली तशी माणसांनी ट्यूबलाइट लावली आणि त्या पांढऱ्या उजेडाचा अभिमान बाळगला. आठवणीत ऊब उरली, ताण गळून पडला.

म्हणून हा बल्ब लावू नये असे नाही. झोपण्याआधी मंद, तांबूस उजेड बराच वाटतो. मात्र एलईडीचा घ्यावा. तारेचा 40 वॅटचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो, आणि वाड्यातल्या लाकडी तुळईला किंवा कापडी शेडला ती उष्णता परवडणारी नाही. आपले होल्डर दोन पिनांचे, हे बल्ब पुष्कळदा आट्यांचे. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल आट्यांना जोडलेला आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. नाहीतर बल्ब बदलताना शॉक बसू शकतो. आणि घरात वाचणारे म्हातारे माणूस किंवा शिकणारे मूल असेल, तर त्याच्या जागेवर चांगला पांढरा दिवा वेगळा असावा. गावाकडच्या त्या घरात हीच सोय नव्हती.