विश्लेषण : लॅपटॉपच्या स्पीकरमधून खरखर का येते? स्पीकर बदलण्यापूर्वी काय तपासावे?

ऑनलाइन मुलाखत किंवा मुलांचा तास सुरू असताना लॅपटॉपचा आवाज खरखरू लागला, की पहिला संशय स्पीकरवर जातो. कोणी दुकानात जाऊन स्पीकर बदलून घेतो, तर कोणी विंडोज नव्याने टाकून घेताना फोटो आणि फाइल्स गमावून बसतो. मात्र, स्पीकर शाबूत असतानाही खरखर येऊ शकते. दोष स्पीकरचा आहे की त्याच्यापर्यंत आवाज पोहोचवणाऱ्या यंत्रणेचा, हे बऱ्याचदा घरच्या घरी ठरवता येते.

लॅपटॉपमधून आवाज बाहेर कसा येतो?

लॅपटॉपच्या दृष्टीने गाणे म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाच्या आवाजात दर सेकंदाला डाव्या आणि उजव्या बाजूसाठी प्रत्येकी ४४,१०० आकडे असतात. व्हिडीओत ही संख्या बहुधा ४८,००० असते. हे आकडे छोट्या गटांत तयार होऊन ‘बफर’ नावाच्या तात्पुरत्या साठ्यात जातात. विंडोजमध्ये असा एक गट सर्वसाधारणपणे १० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाचा असतो. ऑडिओ चिप या आकड्यांचे विद्युत संदेशात रूपांतर करते आणि त्यानुसार स्पीकरचा पातळ पडदा थरथरतो.

खरखर नेमकी कुठे तयार होते?

मुख्यतः तीन ठिकाणी. पहिले कारण उशिराचे. वाय-फाय, ग्राफिक्स किंवा बॅटरीच्या ड्रायव्हरने प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून धरला, तर पुढचा गट वेळेत पोहोचत नाही. आवाजात क्षणभर खंड पडतो आणि कानाला ‘टक्’ किंवा ‘चर्र’ ऐकू येते. डाउनलोड सुरू असताना किंवा बरेच टॅब उघडे असताना खरखर वाढत असेल, तर हेच कारण असण्याची शक्यता अधिक.

दुसरे कारण मर्यादेबाहेरच्या आवाजाचे. १६ बिटच्या आवाजात सर्वांत मोठा आकडा ३२,७६७ असतो. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये आवाज १०० टक्क्यांच्या पुढे नेता येतो. तसे केल्यास ध्वनिलहरींची टोके कापली जातात आणि आवाज ‘फुटतो’. आवाज भारदस्त करणाऱ्या इफेक्ट्समुळेही असे होते.

तिसरे कारण स्पीकरचेच. पडदा फाटणे, त्यात धूळ अडकणे किंवा आतला स्क्रू सैल होणे, असे दोष त्यात येतात. अशी खरखर बहुधा ठरावीक सुरांना, विशेषतः ढोल-तबल्यासारख्या खालच्या आवाजाला आणि एकाच बाजूने येते.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखावे?

आधी तेच गाणे मोबाइलवर वाजवून फाइल ठीक असल्याची खात्री करा. मग लॅपटॉपला वायरचा हेडफोन लावा. खरखर थांबली, तर संशय स्पीकरवर किंवा त्याच्या इफेक्ट्सवर. कायम राहिली, तर स्पीकर बदलून उपयोग नाही. पुढची चाचणी यूएसबी हेडफोनची. त्याची ऑडिओ चिप स्वतंत्र असते. त्यातही खरखर आली, तर उशीर यंत्रणेत आहे. त्यात आवाज स्वच्छ आला, तर लॅपटॉपची ऑडिओ चिप किंवा तिचा ड्रायव्हर तपासावा लागेल.

स्पीकरवर संशय असल्यास साउंड सेटिंगमध्ये बॅलन्स आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्या. इफेक्ट्स बंद करूनही एकाच बाजूला खरखर येत असेल, तर त्या बाजूच्या स्पीकरमध्ये किंवा त्याच्या जोडणीत दोष असण्याची शक्यता मोठी.

दोष सॉफ्टवेअरचा असेल, तर काय करावे?

सर्वप्रथम लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ केल्याने तेच काम होत नाही, कारण विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल, तर बंद करतानाची यंत्रणेची बरीचशी स्थिती पुढच्या वेळी तशीच परत येते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड या क्रमाने जाऊन स्पीकर निवडा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. तेथेच ‘फॉरमॅट’मध्ये ४८,००० हर्ट्झचा पर्याय निवडून पाहा.

त्यानंतर ड्रायव्हर. अपडेटनंतर खरखर सुरू झाली असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक’चा पर्याय उपलब्ध आहे का, ते पाहा. नवा ड्रायव्हर घ्यायचाच असेल, तर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या मॉडेलचाच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ अशा जाहिरातींच्या नादी लागू नका. कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवतो, याचा माग ‘लेटन्सीमॉन’ या प्रोग्रॅमने घेता येतो. विंडोज नव्याने टाकणे हा शेवटचा उपाय, आणि तोही सर्व फाइल्स दुसरीकडे साठवल्यावरच.

चार्जर लावल्यावरच गुणगुण येत असेल तर?

बाहेरचा स्पीकर जोडलेला असताना ही तक्रार विशेष आढळते. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये लावला, की अर्थिंग तुटते. चार्जर काढल्यावर आवाज स्वच्छ झाला, तर आधी नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावून पाहा.

दुकानात कधी जावे?

हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ आणि स्पीकरमध्ये मात्र इफेक्ट्स बंद करूनही खरखर, अशी स्थिती असेल तेव्हा. वॉरंटी शिल्लक असल्यास अधिकृत सेवा केंद्रातच जा. जाळीत टाचणी घालणे किंवा जोराची हवा मारणे टाळा. त्याने पडदा फाटू शकतो.

एका लक्षणाकडे मात्र दुर्लक्ष नको. आवाजाबरोबर लॅपटॉपची बॉडी थरथरत असेल, टचपॅड वर आला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका आणि तो लगेच सेवा केंद्रात दाखवा. आवाजाची तपासणी त्यानंतर.